वाचकांचे प्रश्न : जुने आउटबोर्ड घेताना काय तपासावे?

प्रश्न : १५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) विकाऊ आहे. वय २५ वर्षांच्या पुढचे. मालक पाण्याच्या पिंपात चालवून दाखवायला तयार आहे. तेवढ्यावर भरवसा ठेवावा का?

उत्तर : नाही. पिंपात पंख्यावर (प्रोपेलरवर) खरा भार येत नाही, त्यामुळे थकलेले इंजिनही तिथे झकास चालते. वयाचेही फारसे मनावर घेऊ नका. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने न धुतलेले पाच वर्षांचे इंजिन याहून वाईट निघू शकते.

गेल्या गेल्या सिलिंडरला हात लावून बघा. गरम लागला तर मालकाने आधीच चालवून ठेवले आहे; थंड होईपर्यंत थांबा. खरी परीक्षा थंड इंजिन सुरू होण्याचीच असते.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. दोन्ही स्पार्क प्लग काढा, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थ करा (नाहीतर इग्निशन युनिट जळू शकते), थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्लगच्या भोकात लावलेल्या दाबमापकाचा (गेजचा) काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. अशा इंजिनात साधारण १०० ते १३० पीएसआय (दाबाचे एकक) मिळते. पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांच्या आत हवा. काढलेले प्लगही नीट पाहा. एक तेलकट तपकिरी आणि दुसरा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ असेल, तर स्वच्छ प्लगच्या सिलिंडरमध्ये पाणी जात असावे. बहुधा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधली चकती) गेलेले असते.

सौदा मोडायचा की नाही, हे बऱ्याचदा खालच्या गिअरकेसमधले गिअर ऑइल ठरवते. इंजिन रात्रभर उभे ठेवायला सांगा. तेलापेक्षा जड असल्याने पाणी तळाशी बसते. सकाळी गिअरकेसचा वरचा स्क्रू तसाच ठेवून खालचा थोडा सैल करा. आधी पाण्याचे थेंब आले किंवा तेल दुधाळ निघाले, तर सील गेले आहे. पंख्यामागे अडकलेला मासेमारीचा दोरा हे त्याचे नेहमीचे कारण. स्क्रूच्या चुंबकावर करडा लगदा असला तर चालेल, धातूचे कण नकोत. तेल अगदी नवेकोरे दिसले तर अर्धा तास भाराखाली चालवून पुन्हा बघा.

थंडाव्याच्या पाण्याची धार क्षीण असली तर घाबरू नका. आधी भोकात तार घालून मीठ काढा. तरी सुधारली नाही तर इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपातले चाक) बदला. तो स्वस्त असतो. मात्र खालच्या गिअरकेसचे बोल्ट गंजून बसले असतील तर तोच इम्पेलर बदलताना बोल्ट तुटतात आणि काम महागात जाते.

शेवटी होडीला लावून दहा मिनिटे पूर्ण वेगात चालवा. भार येताच गिअर निसटत असेल तर क्लच डॉग (गिअर पकडून ठेवणारे दाते) झिजले आहेत. ते इंजिन सोडून द्या.

प्रश्न : माझ्या इंजिनाचे कॉम्प्रेशन ११५ आणि ८५ आले. दुरुस्त होईल का?

उत्तर : कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा. त्या फक्त कार्बनने चिकटल्या असतील, तर कार्बन काढणाऱ्या द्रावणाने कधी कधी सुटतात. आकडा हलला नाही तर हेड उघडून गॅस्केट बघा. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागतील असे ओरखडे असतील, तर बोअरिंग (सिलिंडर आतून कोरून मोठा करणे) आणि ओव्हरसाइज, म्हणजे थोडा मोठा, पिस्टन लागेल. तेव्हा तुमच्या मॉडेलचा पिस्टन मिळतो का याची खात्री केल्याशिवाय इंजिन खोलायला देऊ नका.