क्वांटम स्पिन साखळीत क्षेत्र अचानक बदललं, तर दूरच्या स्पिनमधला सहसंबंध लगेच का दिसत नाही?

स्पिन साखळी म्हणजे ओळीत बसवलेले छोटे क्वांटम चुंबक, आणि सहसंबंध म्हणजे दोन स्पिनच्या मोजमापांतला मेळ. तुमचं म्हणणं असं की बाहेरचं चुंबकीय क्षेत्र सगळ्या साखळीवर एकाच क्षणी बदललं, आणि एन्टँगलमेंटला (स्पिनमधल्या क्वांटम गुंत्याला) अंतराचं बंधन नसतं, मग सहा घरं, म्हणजे साखळीतल्या सहा जागा, लांबच्या स्पिनना वेळ का लागावा? बंधन नसतं खरं, पण ते एन्टँगलमेंट आधी तयार तर व्हायला हवं की हो! क्षेत्र प्रत्येक स्पिनला एकेकटं फिरवतं. दोघांची गाठ मारते ती फक्त शेजाऱ्यांमधली जोडणी.

बेळगावात एम.एस्सी.च्या पोरांना शिकवताना मी फळ्यावर सरळ रेल्वे लाईन काढतो. एका टोकाला बेळगाव, दुसऱ्या टोकाला लोंढा, साधारण मधोमध खानापूर. क्वेंचनं, म्हणजे क्षेत्राच्या या अचानक बदलानं, आलेली जादा ऊर्जा साखळीत जागोजागी क्वासीकणांच्या (कणांसारख्या धावणाऱ्या लहरींच्या) जोड्या सोडते, एक डावीकडे, एक उजवीकडे, वेग सारखाच. खानापुरातून एकदम सुटलेल्या दोन गाड्या दोन्ही टोकांना पोचल्या की बेळगाव-लोंढ्याचा संबंध जुळला. प्रत्येक गाडीला निम्मंच अंतर कापायचं, म्हणून वेळ = अंतर ÷ (2 × वेग). परीक्षेत हा 2 हमखास गळतो. भौतिकशास्त्रज्ञ कॅलाब्रेसे आणि कार्डी यांनी 2005-06 मध्ये हे जोड्यांचं चित्र मांडलं (खानापूर माझं!).

आता तुमची आडव्या क्षेत्रातली आयसिंग साखळी, म्हणजे शेजारी स्पिन एका दिशेनं जोडलेले आणि क्षेत्र त्या दिशेला आडवं. जोडणीची ताकद 1, सुरुवातीला सगळे स्पिन क्षेत्राच्या दिशेनं, मग क्षेत्र एकदम 2 वर आणलं. पाउली मॅट्रिक्स (स्पिन लिहायचे 2×2 तक्ते) वापरल्या आणि एच-बार (प्लांकचा स्थिरांक ÷ 2π) 1 धरला, तर कमाल वेग म्हणजे जोडणी आणि क्षेत्र यांतल्या लहान आकड्याची दुप्पट, इथं 2. सहा घरांसाठी 6 ÷ 4, म्हणजे 1.5 च्या सुमारास सहसंबंधाचा वेळेनुसारचा आलेख डोकं वर काढतो. 12 स्पिनचं कडं घ्या, अवस्थेत 4096 च आकडे, जुना लॅपटॉपही पुरतो. फक्त कड्यात उलट्या बाजूनंही माल येतो. तीन घरं लांबच्या स्पिनला सरळ वाटेनं 0.75 ला, तर मागच्या नऊ घरांच्या वाटेनं 2.25 ला. त्यापुढचा आलेख लांब साखळीचा म्हणून वाचू नका.

आलेख उठायच्या आधी अगदी शून्य मिळत नाही, आणि तो प्रोग्रॅमचा दोष नव्हे. लिब आणि रॉबिन्सन यांनी 1972 मध्ये सिद्ध केलं की जवळपासच्याच परस्परक्रिया असल्या तर एक कमाल वेग निघतो, आणि त्या वेगानं जिथवर पोचता येतं त्या ‘शंकू’बाहेरची गळती अंतरानुसार घातांकी रीतीनं घटते. प्रकाशाच्या वेगाचा इथं काही संबंध नाही. 2012 मध्ये म्युनिकच्या गटानं थंड रुबिडियम अणूंवर असा शंकू प्रत्यक्ष मोजला.

तुमच्या सरांनी लांब पल्ल्याची, अंतराच्या घातानं हळूहळू घटणारी परस्परक्रिया दिली असेल, तर मात्र हे सूत्र डोळे झाकून लावू नका. 2014 मध्ये इन्सब्रुक आणि मेरीलँडच्या आयन प्रयोगांत हा सरळ शंकू मोडलेला दिसला.