रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यूसाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घ्यावी?

तुम्हाला या छोट्या, एका बोर्डवरच्या संगणकावर पाय-होल (घरच्या नेटवर्कवरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) चालवायचं आहे, जमलं तर छोटा फाइल सर्व्हर आणि अधूनमधून ब्राउझर. उबंटू, रास्पबेरी पाय ओएस की डाएटपाय, आणि ३२ बिट की ६४, असा तुमचा प्रश्न आहे.

ब्राउझरचा नाद सोडा, म्हणजे उत्तर सोपं होतं: रास्पबेरी पाय ओएस लाइट (म्हणजे डेस्कटॉप नसलेली आवृत्ती), ३२ बिट.

सगळं अडतं ते रॅमवर. प्रोसेसर चार कोअरचा, ६४ बिटचा आहे, पण रॅम फक्त ५१२ एमबी आणि ती वाढवायची सोय नाही. ६४ बिटमध्ये प्रत्येक पॉइंटर ४ ऐवजी ८ बाइट घेतो, त्यामुळे तोच प्रोग्रॅम जास्त रॅम खातो. डेस्कटॉप आणि ब्राउझरचे दोन-तीन टॅब एवढ्यातच रॅम संपते, मग स्वॅप (रॅमऐवजी मेमरी कार्ड वापरणं) सुरू होतो आणि कार्ड कूर्मगतीने चालत असल्यामुळे माऊससुद्धा हलेनासा होतो. स्वॅप फाइल मोठी करून हे सुटत नाही, उलट कार्ड लवकर झिजतं. ६४ बिट लाइट तेव्हाच घ्या, जेव्हा एखादं सॉफ्टवेअर किंवा डॉकर इमेज (सगळं एकत्र बांधून मिळणारा तयार प्रोग्रॅम) ६४ बिटमध्येच मिळत असेल.

उबंटू डेस्कटॉपचा इथे विचारच नको. उबंटू सर्व्हर चालतो, पण स्नॅप (उबंटूची सॉफ्टवेअर बसवायची पद्धत) वगैरे सेवा आधीच तुटपुंज्या रॅममध्ये वाटा मागतात. डाएटपाय मात्र खरोखर चांगला पर्याय आहे. तोही डेबियन या लिनक्सवरच आहे, आणि लॉग (कामाच्या नोंदी) मुळातच रॅममध्ये ठेवतो, म्हणजे कार्डावर लिहिणं कमी. त्याची मेनूची पद्धत आवडली तर खुशाल घ्या.

जुना झिरो किंवा झिरो डब्ल्यू असेल तर गोष्ट वेगळी. त्यांचा प्रोसेसर एआरएमव्ही६ या जुन्या पिढीचा आहे, आणि डेबियनच्या ३२ बिट आवृत्तीला (तिला आर्मएचएफ म्हणतात) त्यापुढचा व्ही७ लागतो. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२ बिट आवृत्तीलाही आर्मएचएफच म्हणतात, पण ती व्ही६ वर चालेल अशी बांधलेली असते. इथे बरेच जण फसतात. ऑरेंज पाय किंवा बनाना पाय घेणार असाल तर आधी आर्मबियन या अशा बोर्डांसाठीच्या लिनक्सच्या यादीत नेमकं तेच मॉडेल आहे का ते पाहा. या बोर्डांवर पीसीसारखा बायोस नसतो. कोणता भाग कुठे जोडलेला आहे हे कर्नलला डिव्हाइस ट्री सांगतो, म्हणून एका बोर्डची इमेज (कार्डावर लिहायची ओएसची तयार फाइल) दुसऱ्यावर सहसा चालत नाही.

इमेज कार्डावर रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅमनेच लिहा. लिहिण्याआधी सेटिंग्जमध्ये युजर, पासवर्ड, वाय-फाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत शिरायची सोय) भरा. पूर्वीचा 'पाय' हा ठरलेला युजर २०२२ मध्ये बंद झाला, त्यामुळे हे राहून गेलं तर मॉनिटर-कीबोर्डशिवाय आत शिरता येत नाही. वाय-फायचा देश नक्की निवडा, नाहीतर रेडिओ बंदच राहू शकतो. बोर्डला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय कळतं, ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचं नाव दिलंत तर तो नेटवर्कवर कधी दिसणारच नाही. पहिल्यांदा सुरू होताना तो कार्डाचं पार्टिशन वाढवून पुन्हा बूट होतो, तेव्हा काही मिनिटं थांबा. मध्येच पॉवर काढू नका.

'ओएस सारखी हँग होते' या तक्रारीमागे बहुतेकदा पॉवर किंवा कार्ड असतं. ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अडॅप्टर आणि आखूड, जाड केबल वापरा. दोन मायक्रो यूएसबी पोर्टपैकी 'पॉवर इन' लिहिलेल्यात पॉवर द्या, दुसरा पोर्ट डेटासाठी आहे. कार्ड ए१ वर्गाचं (प्रोग्रॅम चालवायला पुरेशा वेगाचं), १६ किंवा ३२ जीबीचं पुरतं. नकली कार्डं खूप फिरतात, म्हणून आधी एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने तपासा. फाइल सर्व्हर जमेल, पण वाय-फाय आणि यूएसबी २.० मुळे मोठ्या व्हिडिओ फाइल हलवायला कंटाळा येईल.

पाय-होल लागल्यावर राउटरमध्ये या बोर्डसाठी आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेवा. आणि राउटरच्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना आयपी वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) दुसरा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) म्हणून गूगलचा ८.८.८.८ भरू नका. उपकरणं दोन्ही सर्व्हर मनाला येईल तसे वापरतात, आणि मग 'अर्ध्या जाहिराती अजून दिसतात' म्हणून तुम्ही पाय-होलच्या याद्या उगाच चाळत बसाल.