वाचकांचे प्रश्न : जामगी, टोपी आणि काडतूस

प्रश्न : शाळेतील मुलांसह न्यू पॅलेसमधील संग्रहालय पाहिले. जुनी शस्त्रे पाहताना मुलांनी विचारले, की आपल्याकडच्या पावसात तोड्याची बंदूक चालत तरी कशी असेल? शिवाय चकमकीची बंदूक आल्यानंतरही आपल्याकडे तोड्याचीच बंदूक इतकी वर्षे का टिकली?
— एक शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : मुलांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. बंदुकीच्या इतिहासात नळी आणि गोळी यांच्याहून कारागिरांना अधिक छळले ते आगीने : दारूपर्यंत ठिणगी खात्रीने आणि हव्या त्याच क्षणी कशी पोहोचवायची, हा प्रश्न सुटायला चारशे वर्षे लागली.

तोड्याच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी घालून ती गजाने ठासत. नळीच्या मागच्या बाजूला ‘कान’ म्हणून ओळखले जाणारे बारीक छिद्र असे आणि त्याच्या बाहेरच्या छोट्या वाटीत रंजक, म्हणजे पेट घेण्यासाठीची बारीक दारू ठेवलेली असे. चाप ओढला की सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या दोरीचे, म्हणजे तोड्याचे किंवा जामगीचे, धुमसते टोक रंजकावर टेके आणि कानातून आग आत जाई. युरोपात ही रचना पंधराव्या शतकात रूढ झाली. बाबराने १५२६ मध्ये पानिपतावर अशा बंदुका वापरल्या, आणि पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगिजांमुळे त्यांचा प्रसार झाला.

जोराच्या पावसात ही बंदूक जवळजवळ निरुपयोगी ठरे, हेच मुलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. जामगी विझे, रंजक भिजे आणि दारूला ओल लागली की बार फुसका जाई. पन्हाळ्याचा १६६० चा वेढा भर पावसाळ्यात चालू होता आणि शिवाजी महाराज आषाढातल्या पावसाळी रात्री गडावरून निसटले. त्या रात्री पहारेकऱ्याला जामगी पेटती ठेवणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना कोल्हापूरच्या मुलांना पुस्तकाशिवायही करता येईल. दारू कोरडी राखणे हे तर राज्यकारभाराचेच काम होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दारूखाना घरांजवळ नसावा, आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावी, अशी स्पष्ट ताकीद आहे. गडांविषयीचे हे बारकावे शाळेत आवर्जून वाचून दाखवावेत, असे मला मनापासून वाटते.

आता दुसरा भाग. गारगोटीचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी चकमकीची बंदूक फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या आरंभी आकाराला आली. तरीही आपल्याकडे तोडा टिकला तो आपल्या मागासलेपणामुळे, हे मत मला मान्य नाही. तोड्याची बंदूक स्वस्त होती, तिची दुरुस्ती गावचा लोहार करू शके, आणि गारगोटीचा घोडा आपटताना बसणारा हिसका तिच्यात नसल्यामुळे नेम कमी हले. आपल्याकडच्या लांब नळीच्या बंदुकांचा पल्ला तर कंपनीच्या पलटणींतील बंदुकांपेक्षा पुष्कळदा जास्त असे. चकमकीचा फायदा वेगळ्या ठिकाणी होता : खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या शिपायांच्या हातांत धुमसत्या दोऱ्या नसल्या, की शेजाऱ्याच्या दारूला आग लागण्याची भीती राहत नाही आणि बारही भराभर होतात. म्हणूनच महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा त्यांच्या हाती चकमकीच्या, संगीन लावलेल्या बंदुका दिल्या. किल्ल्यावरच्या आणि गावोगावच्या बंदूकवाल्यांना मात्र तोडाच पुरेसा होता.

प्रश्न : १८५७ च्या काडतुसांबद्दल आपण सारे ऐकतो. पण काडतूस दातांनी तोडावे का लागे आणि त्याला चरबी कशासाठी? कोल्हापुरातील उठावही त्याचमुळे झाला का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : त्या काळचे काडतूस म्हणजे दारू आणि गोळी एकत्र ठेवलेली कागदाची सुरळी. तिचे टोक तोडून दारू नळीत ओतायची आणि मग कागदात गुंडाळलेली गोळी गजाने खाली सारायची. एक हात बंदुकीत गुंतलेला असल्याने टोक दातांनी तोडण्याची कवायत होती. जुन्या गुळगुळीत नळीत गोळी सैल बसत असे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीत नळीच्या आत पिळाच्या खाचा होत्या, गोळी त्यांना घट्ट बसून फिरत बाहेर पडे आणि म्हणून दूरवर सरळ जाई. या खाचांतून कागदासकट गोळी सहज उतरावी आणि जळक्या दारूची काजळी नळीत साचू नये, यासाठी वंगण लागे. ते गायीच्या किंवा डुकराच्या चरबीचे असल्याची शंका पसरली. पुढे हाताने काडतूस फाडण्याची आणि शिपायांना स्वतःचे वंगण वापरण्याची मुभा दिली गेली, पण तोवर विश्वास उडाला होता.

कोल्हापुरात २७ व्या पलटणीने ३१ जुलै १८५७ रोजी उठाव केला आणि डिसेंबरात शहरातही उठावणी झाली. त्याचे सारे खापर काडतुसावर फोडणे चुकीचे ठरेल. १८४४ चा गडकऱ्यांचा, म्हणजे गडांवरच्या शिबंदीचा, उठाव आणि त्यानंतर पन्हाळ्यासह गडांची झालेली मोडतोड या जखमा येथे ताज्या होत्या. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराज यांना १८५७ च्या उठावानंतर कराचीला हद्दपार करण्यात आले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यातील नेमबाज वापरतात ती रायफल आणि जवानाची रायफल यांत मूळ फरक काय?
— एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : आपल्याच तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यामुळे हा प्रश्न तुमच्याकडून यावा याचा आनंद वाटतो. त्या प्रकारात पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरची गोळी वापरतात. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीची गोळीही ५.५६ मिलिमीटरची, म्हणजे जाडीला जवळपास तेवढीच असते. फरक काडतुसातील दारूत, गोळीच्या वजनात आणि वेगात आहे. खेळातील गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने जाते, इन्सासची सुमारे ९००, आणि गोळीतील ऊर्जा दहापटीहून जास्त होते. जवानाची रायफल चिखलात, धुळीत आणि थंडीत न अडता चालली पाहिजे. खेळाडूची रायफल मात्र त्याच्या खांद्याच्या, गालाच्या आणि हाताच्या मापाने जुळवलेली असते, कारण ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे आहे.

सारे शोध सैन्यातून नागरिकांकडे आले, अशी समजूत आहे. ती सोडून द्यावी. खाचांची नळी जर्मन प्रदेशातील शिकारी आणि निशाणबाज सुमारे १५०० पासून वापरत होते. भरायला वेळ लागतो म्हणून सैन्याने ती सरसकट स्वीकारली नाही, ते एकोणिसाव्या शतकापर्यंत. आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे १८०७ चे पेटंट तर पक्ष्यांच्या शिकारीचा नाद असलेल्या फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाचे. रंजकाचा भडका दिसताच पक्षी उडून जात, ही त्यांची अडचण होती. त्यातूनच पुढे टोपीची, म्हणजे असे रसायन भरलेल्या धातूच्या छोट्या टोपीवर घोडा आपटून पेटणारी, बंदूक आली आणि पावसातही बार उडू लागला.

प्रश्न : आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर सापडली. परवाना लागतो का?
— शेतकरी, आजरा

उत्तर : चालू स्थितीत असेल, किंवा दुरुस्तीने चालू होण्यासारखी असेल, तर लागतो, आजोबांचा परवाना वारसाला आपोआप लागू होत नाही. दुरुस्ती करूनही जिचा बार उडू शकत नाही, अशा कालबाह्य बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे, पण ती तशी आहे की नाही हे आपण स्वतः ठरवू नये. पोलीस ठाण्यात कळवावे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, तेव्हा गरज खरी असल्यास रीतसर अर्ज करता येईल. तोवर चाप ओढून पाहू नका आणि नळी तापवून साफ करू नका : अशा बंदुका पुष्कळदा भरलेल्या स्थितीतच ठेवून दिलेल्या असतात आणि नळीत कोरडी राहिलेली दारू कितीही वर्षांनी पेट घेऊ शकते.