पेशीभोवतीच्या जाळ्यापासून सुरुवात कर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी पेशीच्या आतले संदेशवहन घ्यायचे तुझ्या मनात आहे, हे पत्रावरून कळले. विषय चांगला आहे. पण पेशीला मिळणारे कितीतरी संदेश तिच्या भोवतीच्या जाळ्यातून, म्हणजे एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्समधून येतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी असा माझा आग्रह आहे.

कोलॅजन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन अशा प्रथिनांचे हे जाळे पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांच्या जोड्यांनी धरून ठेवते. माणसात इंटिग्रिनच्या 24 जोड्या आहेत. या पकडीतून पेशी जाळे सतत ओढून पाहते आणि ते किती ताठ आहे त्यानुसार आपले वागणे बदलते. एंग्लर आणि डिशर या शास्त्रज्ञांनी 2006 साली मूळपेशी वेगवेगळ्या ताठपणाच्या जेलवर वाढवल्या, तेव्हा पोषक द्रव तोच असूनही मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, तर कठीण जेलवर हाडाच्या.

आजारात हे कसे बिघडते, ते आपल्या भागात खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, दाखवले आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी तोंडात केवळ चट्टे आणि व्रण शोधत असे, गालाला आतून बोट लावत नसे. रोवणीच्या दिवसांत एक बाई तिखट सोसत नाही म्हणून आली. तोंड आले असेल असे समजून मी गोळ्या दिल्या आणि खर्ऱ्याचे विचारलेही नाही. ती पुन्हा आली तेव्हा तिच्या तोंडात दोन बोटेही जात नव्हती, आणि गालाच्या आत दोरीसारखे ताठ, उभे पट्टे हाताला लागत होते. ती चूक मला आजही सलते.

सुपारीतले अरेकोलिन फायब्रोब्लास्टना, म्हणजे जाळे विणणाऱ्या पेशींना, कोलॅजन विणायला लावते आणि तिच्यातले तांबे लायसिल ऑक्सिडेज या विकराला बळ देते, जे ते धागे एकमेकांना घट्ट बांधते. जाळे असे ताठ झाले की पेशी अधिक जोराने ओढतात, त्या ओढीने जाळ्यात अडकलेला टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक रेणू सुटतो, आणि तो पुन्हा कोलॅजन विणण्याचाच निरोप देतो. म्हणूनच खर्रा सोडला तरी आवळलेले तोंड सहसा पूर्ववत होत नाही, आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोगही होतो.

दिवाळीच्या सुटीत गावी येशील तेव्हा दोन सकाळी दवाखान्यात येऊन बस. ज्यांची हरकत नसेल त्यांच्या गालातून हातमोजा घालून एकदा बोट फिरवून पाहा, आणि मगच मार्गदर्शकांना विषय कळव.

तुझा,
डॉक्टरकाका