एलएनजी गळतीच्या मॉडेलमध्ये विश्वास कशावर ठेवायचा?

तुम्ही केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्टमध्ये एलएनजीच्या, म्हणजे अतिथंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूच्या, पाइपला 25 मिलिमीटरचं छिद्र धरलंय आणि इनपुट जरा बदललं की गळलेल्या वायूचा ढग किती दूर जाईल ते अंतर भलतंच येतं, मग खरं कुठलं मानायचं, असं विचारलंय. मी चेंबूरला राहतो, जोखमीच्या अभ्यासाचंच काम करतो. मनापासून सांगतो, आधी सॉफ्टवेअर बंद करा आणि गळती किती वेळ चालेल ते शोधा.

गळतीचा वेग वहीतसुद्धा निघतो. दाब 8 बार, घनता घनमीटरला 450 किलो, डिस्चार्ज कोइफिशंट (छिद्रातून प्रत्यक्ष किती प्रवाह निघतो त्याचा गुणक) 0.61 धरला तर सेकंदाला साधारण 8 किलो. त्याचा सगळा वायू झाला तर सेकंदाला 12 घनमीटर मिथेन, आणि तो 5 टक्क्यांपर्यंत, म्हणजे पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेपर्यंत, पातळ व्हायचा तर 240 घनमीटरचं मिश्रण. दर सेकंदाला.

एका साइटच्या अभ्यासात आम्ही गळती 60 सेकंदांत बंद होईल असं लिहिलं होतं. जुलैच्या पावसात एका ऑपरेटरबरोबर मी कंट्रोल रूमपासून व्हॉल्व्हपर्यंत घड्याळ लावून चालत गेलो. अलार्मची खात्री करणं, फोन, रेनकोट, मधल्या फाटकाचं कुलूप. ओल्या हाताला क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवासाठीचा, हातमोजा चढेना, तिसऱ्या खेपेला चढला. व्हॉल्व्हला हात लागला तेव्हा चार मिनिटं झाली होती. शीटमधले 480 किलो प्रत्यक्षात 1,920 किलो होते. वाऱ्याबरोबर गेलेला ढग एका अंतरावर स्थिरावतो हे खरं, पण तोवर जमिनीवर सांडलेल्या द्रवाचं तळं पसरत राहतं आणि ठिणगी भेटायची संधी मिनिटागणिक वाढते. तो 60 सेकंदांचा आकडा मी स्वतः तपासायला हवा होता, ही खंत अजून आहे.

आता ढगाबद्दल. मिथेन हवेपेक्षा हलका म्हणून लगेच वर जाईल असं समजू नका. उणे 162 अंशांवर उकळून निघालेली वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असते, ती जमिनीला चिकटून सरकते. म्हणून साधं गाउसियन मॉडेल, जे वायू हवेइतकाच जड धरतं, इथे चालत नाही. डेगाडिस, स्लॅब यांसारखं जड वायूचं मॉडेल घ्या, आणि इमारती, भिंती दाट असतील तर सीएफडी, म्हणजे हवेचा प्रवाह संगणकावर बारकाईने सोडवणारी पद्धत. 1980 मध्ये कॅलिफोर्नियात चायना लेकला एलएनजी सांडून झालेल्या बरो चाचण्या जरूर वाचा. आठव्या चाचणीत वारा अगदी मंद होता, तेव्हा ढग बुटका आणि रुंद होऊन वाऱ्याच्या उलट दिशेलाही पसरला. म्हणून मंद वारा आणि स्थिर हवेची रात्र वगळू नका.

चायना लेक वाळवंटात आहे, मुंबईची हवा दमट. दिसणारा पांढरा धूर म्हणजे थंडीने धुक्यासारखं दाट झालेलं हवेतलं बाष्प, मिथेन नव्हे. पावसाळ्यात पेट घेणारा भाग बहुधा त्या धुराच्या आतच असतो, पण जानेवारीच्या कोरड्या दुपारी तो धुराच्या बाहेरही असू शकतो. शिवाय एलएनजीला वास नसतो, स्वयंपाकघरातल्या पाइप गॅसला वास नंतर मिसळलेला असतो. सुरक्षित अंतर डोळ्यांनी ठरवू नका, असं कामगारांना सांगावं लागतं ते यामुळेच.

आणि साइटच्या ड्रॉइंगवर गटारं स्वतः काढा. 1944 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला एलएनजीची टाकी फुटली, द्रव पावसाळी गटारांत उतरला आणि टाकीपासून दूरची घरंही आगीत सापडली. सुमारे 130 माणसं गेली. आपल्याकडे नाल्याला लागून वस्ती असते, हे मॉडेलला कोणी सांगत नाही, तुम्हीच सांगायचं असतं.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर तीन ओळी घाला: कुठला व्हॉल्व्ह, कोण बंद करणार, प्रत्यक्ष मोजलेले सेकंद किती. साइटवर जायची परवानगी मिळत नसेल तर 1, 4 आणि 10 मिनिटं अशी तीन उत्तरं द्या आणि तिन्ही तळ्यांचा व्यास शेजारी शेजारी मांडा.