प्रयोगशाळेतील ३० संगणकांवर डेबियन एकसारखे कसे बसवावे?

कोल्हापुरातील आपल्या महाविद्यालयात प्रत्येक यंत्रापुढे पेनड्राइव्ह घेऊन बसण्याची गरज नाही. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या इन्स्टॉलरला भाषा, डिस्कची विभागणी, वापरकर्ते आणि पॅकेजेस यांविषयीची उत्तरे आधीच लिहिलेली प्रीसीड फाइल देता येते. पीएक्सई पद्धतीने यंत्र नेटवर्कवरून सुरू केले, की ती फाइल सर्व्हरवरून वाचून इन्स्टॉलर उरलेले काम स्वतःच पूर्ण करतो. मात्र तशी सूचना फाइलीत असल्यास जुनी डिस्क न विचारताच पुसली जाते, म्हणून पहिली चाचणी व्हर्च्युअल मशीनवरच घ्यावी.

खरा विचार पॅकेजांच्या यादीचा करावा. मूळ यादी तोकडीच बरी: एक डेस्कटॉप, लिबरऑफिस, फायरफॉक्स, जीसीसी (सी भाषेचा कंपायलर), पायथन, दुरून देखभालीसाठी ओपनएसएसएच सर्व्हर, आणि मराठीसाठी लोहित देवनागरी फॉन्ट व टंकलेखनासाठी आयबस (हे शेवटचे हमखास विसरले जाते). एखाद्याच विषयाला लागणारी सॉफ्टवेअरे नंतर ॲन्सिबलने (अनेक यंत्रे एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या साधनाने) त्या त्या यंत्रांवर चढवावीत, कारण प्रीसीड फाइल केवळ इन्स्टॉल करतानाच वाचली जाते.

स्थानिक सर्व्हरवर, एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून ठेवणारे ॲप्ट-कॅशर-एनजी बसवून प्रीसीडमध्ये त्याचा पत्ता ३१४२ या पोर्टसह प्रॉक्सी म्हणून दिल्यास तेच पॅकेज इंटरनेटवरून ३० वेळा उतरवावे लागत नाही.