मिठाची पिशवी किती दिवस पुरते?

प्रश्न : गावात रक्तदाबाचे रुग्ण वाढलेत. ग्रामपंचायतीनं काय करावं?
– एक सरपंच, जि. सातारा

उत्तर : सरपंच, प्रभातफेरी नको. आरोग्यसेविका म्हणून मी ढीगभर काढल्या. दुपारी पानात खारवलेली मिरची होतीच! जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, तेही लोणचं, पापड, फरसाण धरून. म्हणजे चौघांच्या घरात किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. आमच्याकडे २० दिवसांत संपायची, आणि सल्ले द्यायला मीच पुढे. आशाताईंना सांगा, घरोघरी पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहून घ्यायची. बायका आपणहून ताळा करतात. रक्तदाब तपासणी मात्र संध्याकाळी पारावर ठेवा. पुरुष मंडळी उपकेंद्राची पायरी चढत नाहीत.